खवल्यांवरचं गोंदण

१४ एप्रिल

डॉक्टर हार्गेस्टबाईंनी सांगितलंय, नवं औषध घ्यायचं की नाही हे ठरेपर्यंत अंगाला काय काय होतं ते लिहीत जा. मी म्हटलं, मी बस चालवते, मला कुठली सवड? तर म्हणाल्या, "शेवटच्या थांब्यावर गाडी लावून बसतेस ना, तेव्हा लिही." बारा वर्षं माझी कातडी बघताहेत, माझ्या सबबीही त्यांना पाठ झाल्यात.

तर अंगाला काय होतं. शुक्रवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतल्या की शनिवारी दिवसभर मळमळ. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखी चव. रविवारी चर्चमध्ये गायला उभी राहते, तर पहिल्या कडव्यानंतर पुढच्या बाकाला घट्ट धरावं लागतं. इतकी वर्षं हे सोसलं आणि मिळालं काय? पाठ साफ झाली, कोपरं बऱ्यापैकी. मांड्यांवर अजून सोरायसिसचे तेच लाल चट्टे, तेच पांढरे खवले. आणि आता रक्तात यकृताचे आकडे वर सरकलेत.

"ही गोळी कातडीला अर्धं वाचवतेय आणि यकृताला पुरतं छळतेय," बाई म्हणाल्या. आता सुई. दर पंधरा दिवसांनी, स्वतःच पोटात टोचायची. शरीराचे पहारेकरी चुकून माझ्याच कातडीवर धावून जातात, त्यांना ती गुंगी आणते. मांड्यासुद्धा साफ होतील म्हणाल्या.

"आणि पहारेकरी झोपलेले असताना खरा चोर आला तर?"

"तर ताप. साधी जखम चिघळणं. छातीचे आजार. कधी दडलेला क्षय असला तर तो उठून बसतो." सगळं सरळ सांगितलं. हे मला आवडतं त्यांचं.

मग मी त्यांना ऑगस्टमध्ये काय करणार आहे ते सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

१७ एप्रिल

ऑगस्टमध्ये मी मालू, म्हणजे आमच्या बायकांची पिढीजात नक्षी, गोंदवून घेणार आहे. गुडघ्याच्या मागून सुरुवात, मग वर मांड्यांपर्यंत, दोन्ही पायांवर. आजीची होती. आत्याची होती. वर्षाखेरीला भाऊ सौफोई याला सामोआत, आमच्या गावी, मातईचा, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाचा, मान मिळणार आहे. त्या दिवशीचा शेवटचा नाच घराण्यातल्या लेकीनं करायचा असतो. इतकी वर्षं आत्या करायची. ती गेली. आता मी.

बाविसाव्या वर्षी एकदा गेले होते गोंदवायला. म्हाताऱ्या गोंदणाऱ्यानं कमरेला गुंडाळलेला माझा लावालावा वर केला, बघितलं, पुन्हा खाली सोडला. "या कातडीवर नाही," एवढंच. बाहेर आई पानीपोपोचा डबा घेऊन बसली होती, झाल्यावर सगळ्यांना वाटायला. ते पाव आम्ही घरी नेऊन खाल्ले.

हार्गेस्टबाईंचं म्हणणं असं. गोळीवरच राहिले तर यकृत जाईल आणि मांड्या तशाच. सुई घेतली तर मांड्या साफ होतील, पण पहारेकरी झोपलेले असताना मी अंगाला हजारो जखमा करून घेणार. काहीच घेतलं नाही तर दोन महिन्यांत मी पायापासून मानेपर्यंत लाल. आणि शिवाय, या रोगाची खोड अशी की जिथं कातडी फाटते तिथंच तो उगवतो. "गोंदणाच्या रेघेरेघेवर चट्टे उठू शकतात, लोसी. नेमके त्याच नक्षीत."

म्हणजे मालू दोनदा गोंदली जाईल. एकदा काळी, एकदा लाल. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चनंतरच्या जेवणाला सगळे आईकडे. मी पालुसामीचं, नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूचं, पान उघडत होते तेवढ्यात फेतूनं सुरुवात केली. फेतुआओ, माझी धाकटी बहीण, इस्पितळात नर्स आहे आणि घरातही तिची ड्यूटी संपत नाही.

"सुईचे तोटे वाचलेस का?"

"ऐकले."

"ऐकलेस. मी वाचलेत. मोठ्यानं वाचू?"

"वाच. आधी खोबरं इकडे दे."

तिनं खरंच फोन काढून वाचायला घेतलं. जंतुसंसर्ग, रक्तातलं विष, नसांचे आजार. आई म्हणाली, "अगं, देवाचं नाव घेऊन झालंय, आता जेवू दे पोरीला." मी शेहेचाळीस वर्षांची पोरगी.

"तिला बाबांसारखं व्हायचं असेल तर होऊ दे," फेतू म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर ओट्यावर गेली.

बाबांचा काय संबंध? त्यांना मधुमेह होता. समुद्रावर शिंपल्यानं पाय कापला, ते कुणाला बोलले नाहीत, मोजा चढवून फिरत राहिले. मोजा काढला तो फेतूनंच, आणि तोवर उशीर झाला होता. माझं तसं नाही. मला डॉक्टर आहे, मी सगळं सांगते. खरं कारण वेगळंच आहे. फेतूला लहानपणापासून मी पुढं गेलेली बघवत नाही. तिचे पाय कसे, नितळ. तिनं कधीही मालू करून घेतली असती. घेतली नाही, कारण सुया टोचणारी ही बया स्वतः सुईला घाबरते.

२ मे

ठरलं. आज शुक्रवार आणि मी गोळ्या घेतल्या नाहीत. छातीचा फोटो साफ, रक्तात क्षयाचा मागमूस नाही. हार्गेस्टबाई म्हणाल्या, "माझं मत विचारशील तर गोंदू नकोस. पण गोंदणारच असशील तर मला न सांगता काही करू नकोस." आम्ही दोघींनी मिळून बेत केला. सुई आत्ता सुरू. गोंदणाच्या आधी काही आठवडे बंद. जखमा पूर्ण भरल्या की पुन्हा सुरू. मध्येच बंद केल्यानं औषधाचा जोर कायमचा जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. कधीकधी शरीर ते पुन्हा ओळखतच नाही.

पहिली सुई स्वयंपाकघरात घेतली. माझा नवरा सेफो खुर्ची धरून उभा होता. जणू खुर्चीलाच टोचणार होते.

१० मे

शनिवारी मळमळ नाही! उठले, खाल्लं, परत खाल्लं.

सेफोला मात्र काय झालंय कळत नाही. सुई सुरू झाल्यापासून माणूस पहाटे माझ्या आधी उठतो आणि घरभर व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो. गादीखाली, खुर्च्यांच्या सांध्यांत, न्हाणीघरात. वीस वर्षांत कधी झाडू हातात धरला नव्हता. काल विचारलं, "राणी येणार आहे का आपल्याकडे?" तर म्हणाला, "धूळ फार होते गं हिवाळ्यात." इकडे मे महिन्यात हिवाळा लागतो खरा, पण कुठली धूळ? मी उठते तेव्हा घरात कण नसतो. म्हातारपणाचा चळ, दुसरं काय.

२८ मे

डाव्या मांडीवरचा मोठा चट्टा, ज्याला आम्ही घरात 'उपोलू' म्हणायचो कारण तो नकाशावरच्या बेटासारखा दिसायचा, तो बुडाला. बेट बुडालं! खाली गुलाबी, मऊ कातडी. मी आरशासमोर इतका वेळ उभी राहिले की सेफोनं दार वाजवलं.

आज गाडीत एक बाई चढली, माझ्या काळ्या गणवेशाच्या खांद्याकडं तिची नजर गेली. जुनी सवय, माझा हात झटकायला वर गेला. खांद्यावर काही नव्हतं. तरी बाईनं तोंड वाकडं केलं. म्हटलं, "बाई, तिकीट काढा, माझी परीक्षा नंतर घ्या." मागची पोरं खिदळली.

११ जून

उजव्या नडगीवर छोटा फोड आहे. पायरीला खरचटलं होतं, त्याचा असेल. फार गरम वाटतो एवढंच. बँडेज लावलंय, वरून लांब मोजा. हार्गेस्टबाईंना पुढच्या भेटीत सांगेन. एवढ्याशा फोडासाठी फोन कशाला करायचा? केला तर लगेच सुई बंद करतील, आणि मांड्यांवर अजून दोन बेटं शिल्लक आहेत.

१३ जून

थोडी कणकण. हीटर लावूनही थंडी वाजतेय. घरच्यांना सांगितलं नाही. काही नाही, मोसमी आहे.

१९ जून

इस्पितळातून काल सोडलं. शेवटच्या थांब्यावर गाडी लावली आणि मला पायरी उतरता येईना. पाय म्हणजे ओंडका. दुसऱ्या ड्रायव्हरनं सेफोला बोलावलं, सेफोनं फेतूला. ती इस्पितळाच्या दारातच उभी होती. खाली बसली आणि माझा मोजा हळूहळू काढायला लागली. मोज्याची कड तिच्या बोटांतून इतक्यांदा सुटली की मी म्हटलं, "अगं, नर्स आहेस ना तू?" तरी बोलली नाही. तिचा राग असाच असतो, मुका.

नसेतून औषध चालू होतं तेव्हा ती ड्यूटी संपवून येऊन खुर्चीत बसून राहायची. मी म्हटलं, घरी जा, तुला 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचंय ना, म्हण आणि जा. ती उठून बाहेर गेली. परत आली तर डोळे लाल. तिथं सगळीकडं फिनेलचा वास, कुणाचेही डोळे जळतील.

२७ जून

हार्गेस्टबाई माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. "फोन कशासाठी असतो?"

"तुम्ही सुई बंद केली असती."

"हो! केली असती! आणि तुझा पाय वाचवायला तीन दिवस लागले नसते!"

मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं, तू सांग." सगळं पुन्हा मांडलं. गोळी, यकृत. सुई, संसर्ग. काहीच नको, तर लाल. त्या म्हणाल्या, यंदाचं गोंदण सोड, गोंदणारा दोन वर्षांनी परत येईल.

मी म्हटलं, बाई, दोन वर्षांनी तुम्ही काहीतरी तिसरं औषध काढाल आणि त्याचेही तोटे असतील. माझी कातडी सोयीची कधी होती? बाविसाव्या वर्षी नव्हती, आज नाही, साठाव्या वर्षीही नसेल. सोयीची होईपर्यंत थांबले तर मला शवपेटीतच गोंदावं लागेल. मला जी कातडी मिळालीय तिच्यावरच मालू होणार. फोड आला तर तासाच्या आत फोन करीन, हे लिहून देते. पण पाय झाकून आणखी एक वर्ष काढणार नाही.

त्यांनी माझी फाईल पुढं ओढली. मग म्हणाल्या, "सुई आजपासून बंद. गोंदायच्या आधी रक्त तपासायचं. ते स्वच्छ आलं नाही तर नाही, मग तू काहीही म्हण." हे मी मान्य केलं.

१९ जुलै

गोंदणारे लाउफाऊ सामोआतल्या आपियाहून आले. इथं आमच्या शहरात, ओटारामध्ये, त्यांच्या चुलतभावाच्या गॅरेजात काम चालतं. मी गेले आणि कुणी विचारायच्या आत लावालावा वर केला. बघा म्हटलं. डाव्या मांडीवर एक बेट पुन्हा डोकं वर काढतंय, नडगीवर नवा व्रण आहे, आणि रोगाचं नावही सांगितलं. डॉक्टरांनी काय काय सांगितलंय तेही सांगितलं.

त्यांनी अंगठ्यानं कातडी दाबून बघितली. चट्टा सोडून बाजूनं बोट फिरवलं, जणू वाट काढताहेत.

"आजोबांनी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "त्यांची हत्यारं समुद्राच्या पाण्यात धुतली जायची. माझी वाफेच्या भट्टीतून निघतात. या बेटावर मी ठोका मारणार नाही. नक्षी त्याला वळसा घालून जाईल. चालेल?"

चालेल काय! मी त्यांचा हातच धरला.

"पण एकटीला गोंदत नाही मी. हे दुःख दोघींनी वाटून घ्यायचं असतं. जोडीदारीण आण."

३० जुलै

जोडीदारीण मिळत नाही. वेलिंग्टनची चुलतबहीण हो म्हणाली होती, आता तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं. आई म्हणते, "मी बसते." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. हृदयाची गोळी चालू. "मलाही तोटे वाचून दाखव," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. नाही म्हणताना मला रडू आलं.

रक्त स्वच्छ आलं. पाय तयार, मी तयार, आणि जोडीदारणीवाचून अडलंय.

१० ऑगस्ट

झालं. पोटावर पडून लिहितेय, अक्षर वाकडं येणार.

काल सकाळी गॅरेजात गेले तेव्हा मनात हेच, की लाउफाऊंच्या पाया पडेन, एकटीला गोंदा म्हणेन. आत शिरले तर चटईवर फेतू बसलेली. केस वर बांधलेले, लावालावा नेसलेली, चेहरा पिठासारखा पांढरा.

"तू इथं काय करतेस?"

"जोडीदारीण हवी होती ना?"

"तुला सुईची भीती वाटते!"

"तोंड बंद कर आणि झोप, लोसी. माझा विचार बदलायच्या आत."

आधी मी. दातेरी हत्यार आणि त्यावर काठीचे ठोके, टक टक टक, आणि दर ठोक्याला मांडीत ठिणगी. दोघीजणी कातडी ताणून धरायला होत्या. त्यातली एक म्हणजे फेतूच, हातमोजे घालून. तिची पाळी येईपर्यंत तिनं कुणाला ते काम करू दिलं नाही. प्रत्येक रेघ पुसताना ती वाकून बघायची, लाउफाऊंना विचारायची, "हे लाल जरा जास्त नाही?" शेवटी ते म्हणाले, "बाई, गोंदतोय मी की तू?" आई भिंतीशी बसून गात होती. तिच्या बरोबरच्या बायकाही गात होत्या. मधे मी ओरडले तर आईनं आवाज चढवला. माझं ओरडणं गाण्यात बुडालं.

मला लाज वाटली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत परक्या माणसांसमोर माझ्या उघड्या मांड्या, चट्ट्यासकट, व्रणासकट, आणि मला लाज वाटली नाही. हे लिहून ठेवते.

मग फेतू. पहिल्या ठोक्याला तिनं अशी किंकाळी मारली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी तिचं डोकं मांडीजवळ घेतलं. ती रडत होती, शिव्या देत होती, बाबांना हाक मारत होती. पण थांबा म्हणाली नाही. मला तिचं आश्चर्य वाटतं. माझ्या मागं राहायला नको म्हणून माणूस एवढं सोसतो?

२३ ऑगस्ट

फेतू रोज सकाळ-संध्याकाळ येते. स्वतःला नीट चालता येत नाही, तरी येते. माझे पाय धुते, प्रत्येक रेघ बोटानं तपासते, ताप मोजते. मी म्हटलं, मी स्वतः बघू शकते. "तू बघतेस, पण सांगत नाहीस," म्हणाली. किती दिवस ते एकच उगाळायचं?

ताप नाही. पू नाही. हार्गेस्टबाईंना ठरल्याप्रमाणे फोन करते, त्यांना आता कंटाळा आला असावा.

१४ सप्टेंबर

आला. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, नक्षीच्या तीन रेघांवर लाल खवला चढलाय. अगदी रेघेबरहुकूम. बाईंनी सांगितलं होतं तसंच.

दिव्याखाली नीट बघितलं. काळ्या रेघेला लाल काठ. वाईट दिसतं असं म्हणायचं होतं, पण माझं मला कबूल करवेना.

हार्गेस्टबाईंनी बघितलं. जखमा भरल्यात, सुई पुन्हा सुरू करायला हरकत नाही, पण पूर्वीसारखी चालेल याची खात्री नाही, म्हणाल्या. "पस्तावतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नक्षी बघितलीत का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला, वाकल्या आणि बराच वेळ मालू बघितली. चट्टा नाही, मालू. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पायाकडं तसं बघितलं.

२ नोव्हेंबर

सुई घेतेय. यकृताचे आकडे खाली आलेत. चट्टे अर्धे गेले, अर्धे ठाण मांडून आहेत. पहिल्यासारखा जोर नाही औषधात. किंमत मोजलीय आणि ती मी मोजलीय, दुसऱ्या कुणी माझ्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात खोकला झाला, तासात फोन केला. शिकले म्हणायचं.

२९ डिसेंबर, सामोआ

काल सौफोई मातई झाला. सकाळपासून भाषणं, चटया, डुकरं, ऊन. शेवटी माझं नाव पुकारलं.

तयार होताना काकी म्हणाली, "कापड गुडघ्याखाली घे गं जरा. फोटो काढताहेत." अंगाला खोबरेल चोळलेलं. तेलानं खवले बसतात म्हणतात, पण रेघांवरचं लाल आणखीनच चकाकत होतं. मी कापड होतं तिथंच ठेवलं.

अंगणात गेले. ढोल सुरू झाला. हात हलले, गुडघे वाकले, आणि मी डोळे उघडे ठेवून नाचले. इतकी वर्षं मी बायकांच्या पायांकडं बघत आलेय. काल सगळं गाव माझ्या पायांकडं बघत होतं. बाजूला फेतू उड्या मारत, लंगडत, नाटकं करत नाचत होती, आपली मालू दाखवत, लोकांना हसवत. नाचणारीचा मान वाढवायला बाजूनं अशी नाटकं करतात खरी, पण तिला कुठं थांबायचं ते कधीच कळत नाही. सारखी माझ्याच अवतीभवती, माझ्याकडं बघत.

समोरच्या घराण्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अगं बाई, कातडी बघा तिची!"

मग माझी आई चटईवरून उठली. हळूच उठली, गुडघ्यावर हात टेकून.

"बघा ना," ती म्हणाली. "नीट बघा. बघण्यासाठीच उघडलीय."

मी कापड आणखी बोटभर वर घेतलं आणि नाचत राहिले.